घ्या, विष आणलंय

भावजींचा तो विनोद सगळ्यांना इतका आवडला, की त्यात भिण्यासारखं काही आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्याने आपल्या दुकानासाठी मोठा आरसा करायला टाकला होता. आज देतो, उद्या देतो करत भावजींनी त्याला बरंच झुलवलं. शेवटी तो वैतागला आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "काही घाई नाही हो. माझी दाढी पांढरी झाली की द्या." भावजींनी त्याच्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाले, आणि टेबलावर तयार असलेला आरसा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिला. दुकानात बसलेल्या आम्हा सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. न्हावीही हसला. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा भावजींनी वाकून त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "अजून नाही झाली." या खेपेला तर न्हाव्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. भावजी स्वतः हसले नाहीत. पण चेष्टा करताना ते कधीच हसत नसत.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं काचेचं दुकान: खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोंच्या फ्रेमा. दुकान खाली, घर वर. मी त्याच रस्त्यावर चार दारं सोडून एकटी राहते आणि शाळेत भाषा शिकवते. शाळा सुटली की चहाला दुकानात जायचं हा माझा नेम. गल्लीत भावजींना सगळे गोडबोले म्हणत, कारण त्यांच्या जिभेइतकी कडू जीभ आसपास दुसरी नव्हती. हेही नाव त्यांच्याच तालमीतलं. त्या दुकानात सगळं उलटंच चालायचं. कारागीर माझ्या खांद्यालाही लागत नव्हता, म्हणून तो लंबू. शेजारचा स्टेशनरीवाला कुणाला पेन्सिलीचा तुकडा फुकट देणार नाही, म्हणून तो दानशूर. मी जरा तापट आहे, तर माझी ओळख करून देताना भावजी सांगायचे, "या आमच्या मेव्हणीबाई. फार गरीब. तोंडात शब्द नाही." लंबूच्या हातून काच तडकली की म्हणायचे, "छान. एकाच्या दोन केल्यास. बरकत आहे तुझ्या हाताला." आणि लंबू म्हणायचा, "तुमचीच शिकवण, मालक."

वर्गात मी हे शिकवते. स्तुतीच्या आडून निंदा, निंदेच्या आडून स्तुती. पुस्तकात त्याला व्याजस्तुती असं भारदस्त नाव आहे. मुलं उदाहरण पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मीही त्यांना कधी नीट सांगितलं नाही, की ज्याला उपरोध कळतो तो एका वेळी दोन कामं करत असतो. शब्द ऐकतो, आणि बोलणाऱ्याचं मन ओळखतो. शब्द उलटे असतात, मन सुलटं असतं. हे मन ओळखणं इतकं आपोआप होतं, की आपण काही करतोय हेही ध्यानात येत नाही. ते थांबलं तर माणसाचं काय होईल, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आणि ताई? ताई त्यांना सव्वाशेर होती. सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे आदळून म्हणायची, "घ्या, विष आणलंय." ते म्हणायचे, "कालचं कमी पडलं. जरा हात सैल सोड." रोज हेच. कधी तिला माहेरी यायला उशीर झाला तर सांगायची, "काय करू, हे सोडतच नव्हते ना, इतकं प्रेम." लग्नाच्या दिवशी माझ्या कानात, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली होती, "फसले गं मी." ते पुढे बघत म्हणाले, "आता बदलून मिळणार नाही." आमची आई शेवटपर्यंत त्यांची भांडणं मिटवायला यायची आणि तिला भांडण काही सापडायचं नाही. त्या दोघांनी एकमेकांना कधी गोड शब्द वापरलेला मी ऐकला नाही. पण भावजी तापाने फणफणले की ताई अन्नाला शिवायची नाही, आणि ताई दोन दिवस कुठे गेली की भावजींच्या हातून काचा वाकड्या कापल्या जायच्या.

न्हाव्याच्या आरशानंतरची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. ताई घर झाडत होती आणि भावजी मध्येच खुर्ची टाकून बसले होते. ती म्हणाली, "हलू नका हं अजिबात. तुमच्याशिवाय ती खुर्ची रडेल." मग ती बाजारात गेली, तिथून माझ्याकडे आली, गप्पा झाल्या. दिवेलागणीला परत गेली तेव्हा भावजी त्याच खुर्चीत, तसेच. दिवा लावलेला नव्हता. त्यांचे पाय सुजून चकचकीत झाले होते आणि खुर्चीखाली ओल पसरली होती. ते म्हणाले, "तू हलू नको म्हणालीस."

ताई संतापली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन फणफणली, "चेष्टेला काही सुमार? मला धडा शिकवायला म्हणून माणूस कपड्यांत…" पुढचं तिने सांगितलं नाही. मी तिची समजूत काढली, की वय झालं, हट्ट वाढतो. ती गेल्यावर मात्र मी हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. ओल्या कपड्यांत दिवसभर बसून कोण विनोद करतं?

उत्तर महिन्याभरात मिळालं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाला दर्शनी काच बसवायची होती. माणसाच्या उंचीपेक्षा मोठी, जाड काच. लंबूने खालची बाजू धरली होती, भावजींनी वरची. पायरी उतरताना लंबूचा पाय अडकला. तो घामाघूम झाला होता, काचेचं सगळं वजन त्याच्याकडे आलं होतं. भावजींनी विचारलं, "सोडू का?" लंबू दात ओठ खात म्हणाला, "हो, सोडा की! माझ्या पायावरच सोडा, म्हणजे सुटलो एकदाचा."

भावजींनी सोडली. घसरली नाही, निसटली नाही. त्यांनी दोन्ही हात नीट उघडले आणि सोडली. मी शाळेतून येत होते, समोरच्या फुटपाथवर होते. तो आवाज मी अजून विसरले नाही. पायरीवरून रक्त खाली रस्त्यावर आलं. लोक धावले. लंबू ओरडतही नव्हता, नुसता तोंड उघडून बघत होता. आणि भावजी हात तसेच उघडे ठेवून उभे. जो जवळ येईल त्याला शांतपणे सांगत होते, "तो सोडा म्हणाला." मलाही तेच सांगितलं. त्यांच्या आवाजात ना पश्चात्ताप होता ना घबराट. त्या दिवशी गल्लीत कुणी हसलं नाही.

लंबूच्या पायाची बोटं गेली. दवाखान्यात तो सगळ्यांना सांगत होता, "मालकांची चूक नाही. मीच म्हणालो सोडा." ही त्याची चेष्टा नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, बिचाऱ्याला.

भावजींना आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या वयाने लहान होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी भावजींना तारीख विचारली, नावं विचारली, आकडे उलटे म्हणायला लावले. सगळं बिनचूक. लग्नाच्या वर्षी कुणाच्या खिडकीला किती रुंद काच बसवली तेही त्यांनी सांगितलं. ताईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता एक गोष्ट सांगते. दोन मित्र भेटायचे ठरतात. एक जण तासभर उशिरा येतो. दुसरा त्याला म्हणतो, 'वा, किती वेळेवर आलास!' दुसऱ्याला काय म्हणायचंय?"

भावजी म्हणाले, "पहिला वेळेवर आला."

"पण तो उशिरा आला होता."

"मग दुसरा खोटं बोलला."

"का बोलला असेल?"

भावजींनी कपाळाला आठ्या घालून विचार केला. जो माणूस जन्मात याच्याशिवाय दुसरं काही बोलला नाही, तो माझ्यासमोर घाम गाळून याचा अर्थ शोधत होता. "वाईट माणूस असेल," ते म्हणाले.

ताईला सवयीने हसू फुटलं आणि तिथल्या तिथे विरलं.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं. आठवण अजून शाबूत आहे. शब्दाच्या मागचं माणसाचं मन ओळखण्याची जी जागा असते, ती आधी गेली. असं होतं काहींचं. "घरात सरळ बोला. जे म्हणायचंय तेच शब्द वापरा. टोमणे नाहीत, थट्टा नाही."

"वाढेल का?" मी विचारलं.

"वाढेल," त्या म्हणाल्या. उगाच धीर देण्याच्या भानगडीत पडल्या नाहीत. मला त्यांचा रागच आला.

त्या दिवसापासून ताई मुकी झाली. वाक्य तोंडाशी यायचं, ती ते गिळायची. सरळ वाक्यं तिच्याकडे होतीच किती? "जेवण वाढलंय." "पंखा लावू?" एवढंच. सकाळी चहाचा कप ती आवाज न करता ठेवायची आणि आत निघून जायची. इतकी जपून, की मला वाटलं आता हळूहळू बसेल घडी.

एके दिवशी दुपारी भावजींनी मला दुकानात खूण करून बोलावलं. लंबू नसल्यामुळे काम बंदच होतं. ते काचांच्या उभ्या थप्पीला पाठ लावून बसले होते. हळू आवाजात म्हणाले, "तुला एक विचारायचंय. तुझी बहीण मला विष का घालते?"

मी म्हणाले, "भावजी, काहीतरीच काय? कोण घालतंय विष?"

"ती रोज सांगायची. घ्या, विष आणलंय म्हणायची. तू पण ऐकलंयस." मी ऐकलं होतं. "आता सांगायची बंद झाली. आधी सांगून घालायची, आता न सांगता घालते."

मी म्हणाले, "तो विनोद होता, भावजी. तुम्हीच तर उलट म्हणायचात, जरा हात सैल सोड म्हणून."

"हो, म्हणायचो," ते म्हणाले आणि विचारात पडले. "मी असं का म्हणायचो? मला मरायचं होतं का?"

मी समजावायला गेले. बोलायचं एक आणि मनात दुसरं. ते म्हणाले, "म्हणजे खोटं." मी म्हणाले, खोटं नाही. ते म्हणाले, "मग खरं?" इतकी वर्षं खडू झिजवले, पण त्या दुपारी मला एक वाक्य धड सुचलं नाही. आणि ते एकेक काढत होते. लग्नात म्हणाली फसले. आजारी होतो तेव्हा म्हणाली मरायची घाई करू नका, कपाट आवरायचं राहिलंय. सगळ्यांसमोर म्हणाली, असा नवरा शत्रूलाही मिळू नये. त्यांच्या आठवणीत कुठे खोट नव्हती, आणि तीच पंचाईत होती. ज्या ज्या वाक्यावर हे दोघं जगले, ते प्रत्येक वाक्य आता परत येऊन जसंच्या तसं त्यांच्यापुढे उभं राहत होतं.

त्यांनी घरचं अन्न सोडलं. मधुमेहाच्या गोळ्या ताई देते म्हणून गोळ्याही सोडल्या. दानशूराच्या हातून बंद पुड्यातली बिस्किटं मागवून तेवढीच खायचे, आणि साखरेच्या माणसाला ती विषाहून बरी नव्हती. मी दिलेलं घ्यायच्या आधी विचारायचे, "तुझ्या बहिणीचा हात लागलाय का?" मला खोटं बोलवेना. त्यांच्या पायाला काच लागून जखम झाली होती, ती चिघळली. झोपायला ते खाली दुकानात गेले आणि शटरला आतून कडी लावू लागले. ताई ताट घेऊन शटरबाहेर उभी राहायची. एकदा मी त्यांचं अंथरूण झटकायला गेले, तर उशीखाली काचेची लांब पट्टी. एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केलेली, दुसरं टोक निमुळतं. काच कापणाऱ्याचा हात. काम सुरेख झालं होतं.

"हे कशाला?"

"ती आली तर," ते म्हणाले.

मी पट्टी उचलून नेऊ लागले, तर त्यांनी माझं मनगट असं धरलं, की मी ती जागच्या जागी ठेवली. डॉक्टर म्हणाल्या, आणखी दोनचार दिवस गोळ्या गेल्या नाहीत तर भरती करावं लागेल. विरोध केला तर हात बांधून. शुद्ध जाऊ शकते, पाय जाऊ शकतो, आणि त्यातून ते बाहेर येतील याची खात्री नाही. ताईने पट्टीचं ऐकलं, हेही ऐकलं. म्हणाली, "बांधायचं नाही त्यांना. मी जाते आत. सरळ बोलते."

"तुला येईल?"

"येत नाही. पण बोलते."

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी शटर अर्धं उघडून बसले होते. ताई वाकून आत गेली, ताट आणि गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि लंबूच्या स्टुलावर, त्यांच्यासमोर बसली. मी शटरपाशी थांबले. माझी नजर त्यांच्या उजव्या हाताकडे होती. पट्टी मांडीजवळ पडली होती, आणि हात तिच्याजवळ होता.

ताई म्हणाली, "मला तुम्ही आवडता." घशात अडकलेलं काही काढावं तसं तिने ते काढलं. मान खाली होती आणि कान लाल झाले होते, या वयात.

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून म्हणतेस," भावजी म्हणाले.

"हो. त्यांनी सांगितलं म्हणून म्हणतेय. नाहीतर जन्मात म्हणाले नसते. पण आवडता, हे खरं आहे."

ते म्हणाले, "लग्नात म्हणालीस, फसले."

"खोटं. मला इतका आनंद झाला होता, की लोकांसमोर लाज वाटली."

"चहात विष."

"कधीच नव्हतं. तुम्ही उलट काहीतरी बोलावं म्हणून म्हणायचे. तुमचं बोलणं ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही."

ते विचारत गेले, ती सांगत गेली. खोटं. तेव्हा मला तुमची काळजी वाटत होती. खोटं. तेव्हा मला तुमचं कौतुक वाटलं होतं. माझ्या बहिणीचा सगळा संसार मी त्या शटरपाशी उभी राहून पहिल्यांदा सरळ भाषेत ऐकला. ऐकवत नव्हता. तिच्या कपाळावर घाम आला होता. भावजींचा हात मात्र जागचा हलला नव्हता.

मग ते म्हणाले, "दवाखान्यात. मूल गेलं तेव्हा."

ताईने मान वर केली. मी तेव्हा शाळेत शिकत होते. ताई महिनाभर आमच्याकडे येऊन राहिली होती, भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आणि भावजी तिला न्यायला आले नव्हते, एवढंच मला माहीत. नंतर त्यांना मूल झालं नाही, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणी कधी अक्षर काढलं नाही.

"मी म्हणालो, चला, रात्रीची झोप तरी वाचली," भावजी म्हणाले. "आणि तू म्हणालीस, मला पुन्हा तुमचं तोंड बघायचं नाही." ते थांबले. "मला झोप नको होती. मग मी असं का म्हणालो?"

"तुम्हाला रडू येत होतं म्हणून. मला ते तेव्हा कळलं नाही. फार नंतर कळलं."

"आणि तू म्हणालीस ते?"

मी मनात ताईच्या पाया पडत होते. एक शब्द, ताई. इतक्या वेळा म्हणालीस, आणखी एकदा म्हण, खोटं, आणि सुटा दोघं. भावजींची बोटं चिंधीच्या मुठीला लागली.

"ते खरं होतं," ताई म्हणाली. "तेव्हा मला तुमचं तोंड बघायचं नव्हतं. मनापासून."

मी पाऊल पुढे टाकलं. भावजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते ताईकडे बघत होते, काच कापायच्या आधी तिच्यावर नजर धरून बसायचे तसे. "हो," ते म्हणाले. "ते दुखलं होतं. म्हणून मी न्यायला आलो नाही." मग म्हणाले, "बाकीच्यांतलं काही दुखलं नव्हतं. मला आठवतंय. एकही नाही."

"दुखवायचंच नव्हतं."

"मग ते खरं, आणि बाकीचं खोटं."

"हो."

त्यांनी मूठ सोडली आणि हात पुढे केला. ताईने त्यावर गोळ्या ठेवल्या. एक गोळी खाली पडली, ती तिने वाकून शोधली. त्यांनी गोळ्या घेतल्या, पाणी प्यायले आणि पेला तिच्याकडे परत दिला.

"उद्या मला पुन्हा तसंच वाटलं तर?" त्यांनी विचारलं.

ताईच्या ओठांवर काहीतरी आलं. मी तिला जन्मापासून ओळखते, काय आलं असेल ते मला कळलं. तिने ते गिळलं.

"तर उद्या पुन्हा सांगेन."

"ते शेवटचंही?"

ताईने डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "ते आधी सांगेन."